खेड्याच्या नावाने सही कोणी केली?

खेड्यातल्या माणसाच्या नावाने दुसऱ्यानेच कारभार हाकावा, ही या देशातली जुनी चाल आहे. पूर्वी सावकार कागद लिहवून घेई, कुळकर्णी त्याखाली शेतकऱ्याचा अंगठा उठवी, आणि पुढे कोर्टात तो कागद वाचला गेला म्हणजे मग शेतकऱ्याला कळे की आपण काय काय कबूल करून बसलो आहोत. आता अंगठ्याचीही जरूर उरली नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक मोठा दावा सुनावणीस आला. पुरुषाने पुरुषाशी किंवा बाईने बाईशी संसार मांडला तर त्याला कायद्याने लग्न म्हणावे, अशी अर्जदारांची मागणी होती. केंद्र सरकारने त्यावर लेखी म्हणणे दिले की, ही मागणी म्हणजे शहरातल्या वरच्या थरातील लोकांचे मत आहे. कायदे करणारांस मात्र शहरी, निमशहरी व ग्रामीण अशा साऱ्या जनतेचा आवाज ध्यानात घ्यावा लागतो.

ग्रामीण जनता म्हणजे आम्ही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतले कुणबी, आगरी, मराठे, ठाकर, कातकरी, कुंभार, शिंपी, न्हावी, चांभार, हे सारे आम्ही. आमचा आवाज दिल्लीच्या कागदावर चढला, पण तो आमच्या तोंडातून केव्हा निघाला, हे आम्हांला कोणी सांगेल काय? आमच्या गावची ग्रामसभा वर्षातून चार वेळा भरते, निदान कागदोपत्री तरी भरते. तीत नळपाण्याचा विषय निघतो, स्मशानाच्या रस्त्याचा निघतो, गुरचरणीवरच्या अतिक्रमणाचा निघतो. लग्न कोणी कोणाशी करावे, असे आम्हांला कोणीही विचारलेले नाही. तलाठ्याने विचारले नाही, ग्रामसेवकाने विचारले नाही, आमदाराने तर नाहीच नाही.

विचारण्याचे नाटक मात्र झाले. सुनावणी सुरू झाली त्याच दिवशी, १८ एप्रिल २०२३ रोजी, केंद्राने सर्व राज्यांना पत्रे धाडली की तुमचे मत कळवा. उत्तरे आली सात राज्यांची. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध कळविला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर व सिक्कीम यांनी म्हटले की विषय नाजूक आहे, विचारास अवधी पाहिजे. ठीक आहे. ज्या महाराष्ट्रात जोतीराव फुले झाले, शाहू छत्रपती सासनकाठीसारखे उभे राहिले, बाबासाहेब झाले, त्या महाराष्ट्राच्या सरकारला अवधी पाहिजे होता. तोही आम्ही दिला असता. पण त्या अवधीत सरकारने एकाही वाडीवर जाऊन कोणाला विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. अवधी मागणे ही कारकुनी विद्या आहे. अर्ज फेटाळला तर बोंब होते, मंजूर केला तरी बोंब होते, म्हणून अर्ज दौतीखाली दाबून ठेवायचा.

वकिलांची अखिल भारतीय संस्था बार कौन्सिल, तिने तर त्याच महिन्यात ठराव करून टाकला की देशातील ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक अशा लग्नाच्या विरुद्ध आहेत. आम्ही मास्तर माणसे. टक्केवारीची उदाहरणे पोरांकडून सोडवून घेण्यात आमचा जन्म चालला आहे, म्हणून हा आकडा पाहून आम्हांला प्रथम गुरुजींचीच शंका आली. ही मोजदाद केली कोणी? देशाची जनगणना आम्ही मास्तरच करतो. २०११ सालच्या जनगणनेला मास्तर आणि मास्तरणी उन्हातान्हातून डोंगरातल्या वाड्यांवर गेल्या, घराला कौल आहे की पेंढा, पाणी विहिरीचे की झऱ्याचे, हे सारे लिहून आणले. पण बाईने बाईशी लग्न केले तर तुमची हरकत आहे काय, हा रकाना त्या कागदात नव्हता. मग ९९.९ आले कोठून? आणि बरे, तुमचाच आकडा खरा धरू. २०११ च्या गणतीप्रमाणे देशाची लोकसंख्या १२१ कोटी. तिचा एक हजारावा भाग म्हणजे १२ लाखांच्या वर माणसे. कर्जत व खालापूर हे दोन्ही तालुके मिळून चार लाखांच्या आसपास वस्ती. म्हणजे असे तीन जोड-तालुके भरतील इतकी माणसे तुम्ही स्वतःच मान्य करता, आणि त्यांची गणना पेंढ्यात पडलेल्या दाण्यांसारखी करता. पेंढ्यातला दाणा आम्ही शेतकरीसुद्धा टाकीत नाही, पुन्हा झोडून काढतो.

आता निकाल काय लागला तेही साध्या शब्दांत सांगितले पाहिजे, कारण त्याबद्दल बाजारात नाही नाही ते बोलले जाते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात पुरुष व स्त्री असे शब्द आहेत ते कोर्टाला बदलता येत नाहीत, यावर पाचही जणांचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला सरकारने काही तरी कायदेशीर रूप द्यावे, असे सरन्यायाधीश चंद्रचूड व न्यायमूर्ती कौल या दोघांचे म्हणणे पडले. तिघांनी ते मानले नाही. दोन प्रौढ माणसांना एकत्र राहण्याची मोकळीक आहे आणि त्यांना कोणी त्रास देऊ नये, हे मात्र सर्वांनीच मान्य केले. तृतीयपंथी माणसाचे लग्न स्त्री-पुरुष या नात्याने होत असेल, तर ते आजच्या कायद्यातही बसते, हेही सांगितले. बाकी सर्व कायदेमंडळाच्या अंगणात. फेरविचाराचे अर्ज आले, ते ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळले गेले.

आणि कायदेमंडळाने काय केले होते? बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते की विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून असे लग्न मान्य करावे. ते मांडले गेले आणि तसेच पडून राहिले. म्हणजे कोर्ट म्हणते लोकसभेकडे जा, लोकसभा कपाट बंद करून घेते, सरकार म्हणते राज्यांना विचारतो, राज्य म्हणते अवधी द्या. एखाद्या कुळाने सातबाऱ्यावर नाव लावायला जावे तशी ही गत. तलाठी म्हणतो सर्कलकडे जा, सर्कल म्हणतो तहसीलदाराकडे, आणि तहसीलदार साहेब दौऱ्यावर. या देशात अशा लग्नास बंदी करणारे कलम शोधून सापडणार नाही. कलमाची गरजच नाही, दाराला आतून कडी घातली की झाले.

वाचक म्हणतील, मास्तरांना झाले आहे तरी काय? भाताचा भाव पडला, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि हे कोणाच्या लग्नाची उठाठेव करतात! शेतकरी बंधूंनो, लग्नावर ताबा कोणाचा, हा सवाल आपल्याला नवा नाही. आपल्या वाडवडिलांची यात हाडे झिजली आहेत, आणि पुढच्या चार गोष्टी त्यासाठीच सांगतो.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात निघाला, आणि त्याच सालच्या २५ डिसेंबरला भटजीवाचून पहिले लग्न लागले. त्या काळी लोक काय म्हणाले? मंत्रांवाचून लावलेले लग्न हे लग्नच नव्हे; अशा जोडप्याची पोरे पोरेच नव्हेत; धर्म बुडाला, कुळे बुडाली. ओतूरच्या पाटलांनी १८८४ च्या सुमारास आपल्या घरची लग्ने स्वतः लावली, तर गावच्या जोशांनी त्यांच्यावर फिर्याद ठोकली. आम्हांला बोलाविले नाही तरी दक्षिणा आमची, हे त्यांचे म्हणणे, आणि प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले. विचार करा, लग्न तुमच्या मुलीचे, मांडव तुमचा, तांदूळ तुमच्या कणगीतले, आणि न बोलावलेला माणूस कोर्टात उभा राहून म्हणतो की माझ्या परवानगीची किंमत टाका. न बोलावलेल्या जोशाचा हा हक्क रद्द करणारा कायदा मुंबई इलाख्यात व्हायला १९२६ साल उजाडले. पन्नास वर्षांवर काळ गेला. तोवर ज्यांची लग्ने लागली ती काय खोटी होती? त्यांची नातवंडे, पणतवंडे आज या पानाचे वर्गणीदार आहेत!

मद्रासेकडे पेरियार रामस्वामींच्या स्वाभिमान चळवळीतली लग्ने अशीच हार घालून लागत. तिकडच्या हायकोर्टाने १९५० च्या नंतर ठरविले की ही लग्ने कायदेशीर नव्हेत. हजारो संसार एका निकालाने हवेत लोंबकळू लागले. अण्णादुराईंचे सरकार १९६७ साली आले तेव्हा कुठे कायद्यात दुरुस्ती झाली आणि मागची लग्नेही पक्की ठरली. १८७२ च्या नोंदणी विवाहाच्या कायद्याची कथा त्याहून मौजेची. त्याखाली लग्न करायचे तर नवराबायकोने आधी लिहून द्यायचे की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, कोणीच नाही. म्हणजे लग्न पाहिजे तर बापाचा धर्म टाका. ती अट हिंदूंपुरती सुटली १९२३ साली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१९ च्या सुमारास आंतरजातीय लग्नाला कायद्याचा आधार दिला, तेव्हा सनातनी मंडळींच्या पोटात केवढा शूळ उठला! आणि बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाने बायकांना काडीमोड आणि वारसा द्यायचे म्हटले, तेव्हा दिल्लीत साधू-बैराग्यांचे मोर्चे निघाले, बिल गुंडाळले गेले आणि १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याचे हेही एक कारण. बाबासाहेबांचे स्वतःचे दुसरे लग्न १५ एप्रिल १९४८ रोजी झाले ते नोंदणी पद्धतीने.

दर खेपेस आक्षेप तोच. धर्म बुडतो, समाज अजून तयार नाही, हे शिकलेल्या चार लोकांचे खूळ आहे, खेड्यातल्या लोकांना विचारा. पुनर्विवाहाच्या वेळी तेच म्हणाले, संमतिवयाच्या वेळी तेच, आंतरजातीय लग्नाला तेच, काडीमोडाला तेच. रेकॉर्ड एकच आहे, फक्त सुई बदलतात.

खेड्यातल्या लोकांना विचारा म्हणता, तर खरोखरच विचारा. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवळे गाते तेव्हा लग्न लागते, आणि धवलारीण ही बाई असते. ती वेद शिकलेली नाही, तिला कोणी जानवे घातलेले नाही, पण तिच्या तोंडून धवळे निघाल्याशिवाय मांडवातले पान हलत नाही. कातकऱ्यांत आणि ठाकरांत पैसा नसला तर जोडपे आधी घर थाटते, पोरे होतात, आणि हातात चार पैसे आले की मग हळद लागते; कधी आईबापाची आणि लेकीची हळद एकाच मांडवात. त्यांना कोणी वाडीतून हाकलीत नाही. आमच्या कुणब्या-मराठ्यांत विधवेचा पाट लागतो. तो रात्री, आडबाजूला, विनावाजंत्री लावावा असे वरच्यांनी ठरविले, आणि पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईहून हलकी मानायला आम्हांलाच शिकविले. तरी पाट लागतच राहिला, कारण शेत एकट्या बाईच्याने होत नाही आणि माणसाला माणूस लागतो. ज्या खेड्याने इतक्या रीती पाहिल्या आणि पचविल्या, त्याच्या गळ्यात एकच एक ‘भारतीय विवाहपद्धती’ बांधून दिल्लीत उभे करणे ही खेड्याची बदनामी आहे. आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी डहाणू-उंबरगावकडचे वारली नवराबायको लग्नगडी म्हणून जमीनदाराच्या दारात राबत, तेव्हा या पवित्र संस्थेचे रखवालदार कोठे झोपले होते? तो पाश तोडायला १९४५ साली वारल्यांनाच उठावे लागले.

शहरी थेर म्हणता? शहरातल्या श्रीमंतांची थेरे आम्ही रोज पाहतो. कर्जतच्या आजूबाजूला नदीकाठच्या भातजमिनी फार्महाऊसवाल्यांनी घेतल्या, तेथे आता मुंबईची लग्ने लागतात. तीन तीन दिवस दिवे जळतात, कर्णे वाजतात, आणि आमची दहावी-बारावी झालेली पोरे पांढरे हातमोजे घालून उष्टी ताटे उचलतात. त्या लग्नांना कोणी म्हणत नाही की ही आमच्या संस्कृतीत बसत नाहीत. दोन गरीब माणसांनी मुकाट्याने एक चूल मांडली की संस्कृती जागी होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला, हे निसर्गाविरुद्ध आहे. हा शब्द आमच्या घरातला नाही. १८६० साली इंग्रजाने पिनल कोड केले, त्यात ३७७ वे कलम घातले आणि ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ म्हणून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधापुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी काढून टाकले, आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी न्याय संहिता आली तीत ते कलमच नाही. तेव्हा जो मनुष्य ३७७ ला आपली प्राचीन संस्कृती समजून कवटाळतो, तो मेकॉलेच्या गोऱ्या पायाचे तीर्थ घेत असतो. बाकी निसर्गाचे आम्हां शेतकऱ्यांना कोणी सांगू नये. राब भाजणे, रोप उपटणे, चिखलणीत ओळीने लावणी करणे, यातले काय निसर्गाने शिकविले? कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेले वाण आपण लावतो, ते माणसाने मुद्दाम संकर करून काढलेले. तो भात शिजवून खाताना कोणाचा धर्म बुडाल्याचे आम्ही पाहिले नाही.

दुसरा आक्षेप, लग्न हे संततीसाठी. मग ज्यांच्या पोटी मूल झाले नाही त्यांची लग्ने रद्द करा! पन्नाशी उलटलेल्या विधवेचा पाट लावू नका! मूल होत नाही म्हणून आमच्या आयाबहिणींना वांझोटी म्हणून हिणवले, सवती आणल्या, अंगाऱ्याधुपाऱ्यात लुबाडले. त्या सगळ्या छळाच्या मुळाशी हीच समजूत आहे, की बाईचा उपयोग संततीपुरता. बाईची कूस हेच लग्नाचे कारण ठरले तर बाईची किंमत गाईएवढीच ठरते, हे आमच्या भगिनींनी विसरू नये.

तिसरा आक्षेप आमच्यातलेच लोक घेतात, म्हणून तो अधिक बोचतो. ते म्हणतात, मास्तर, विचार बरोबर असेल, पण हा विषय बहुजनांच्या व्यासपीठावर नको. लोक हसतील, मते जातील. अशांना आम्ही १९३४ सालची एक गोष्ट सांगतो. प्रोफेसर र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढीत. वाचकांनी लैंगिक विषयांवर, समलिंगी संबंधांवरही, प्रश्न विचारले, त्यांची त्यांनी सरळ उत्तरे छापली. सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. कर्वे जन्माने ब्राह्मण, ना त्यांच्यामागे संस्था, ना जात. त्यांचे वकीलपत्र घेतले कोणी? डॉक्टर आंबेडकरांनी! तेव्हा त्यांच्या मागे काय कामे नव्हती? चवदार तळे झाले होते, काळाराम मंदिर झाले होते, गोलमेज परिषद आणि पुणे करार होऊन गेले होते. लोक काय म्हणतील म्हणून ते घरी बसले नाहीत. हॅवलॉक एलिसच्या ग्रंथांचा आधार देऊन त्यांनी कोर्टात सांगितले की काही माणसांची ही प्रवृत्ती जन्मजातच असते, आणि तिच्याबद्दल शास्त्रशुद्ध लिहिणे हा गुन्हा होऊ शकत नाही. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. ज्यांच्या तसबिरीला आपले पुढारी सहा डिसेंबरला हार घालतात त्यांनी नव्वद वर्षांमागे हे कोर्टात उभे राहून सांगितले, आणि या पुढाऱ्यांना आज मतांची भीती वाटते.

अमेरिकेत हा मतांचा खेळ आधी खेळून झालेला आहे. तेथे १९६७ पर्यंत सोळा राज्यांत गोऱ्याने काळीशी लग्न करणे गुन्हा होता, आणि एका न्यायाधीशाने निकालात देवाचाच हवाला दिला होता की त्याने वेगवेगळे वर्ण वेगवेगळ्या खंडांवर ठेवले ते मिसळू नयेत म्हणूनच. ते मोडले. पुढे समलिंगी लग्नावर बंदी घालण्याची लाट आली. नोव्हेंबर २००४ मध्ये अध्यक्षाच्या निवडणुकीच्याच दिवशी अकरा राज्यांत लोकांकडून कौल घेतला आणि अकराही ठिकाणी बंदी मंजूर झाली. मते मिळाली, निवडणूक पार पडली, आणि २०१५ साली सर्व बंद्या कोर्टाने रद्द केल्या. त्या अकरा वर्षांत ज्यांचा जोडीदार दवाखान्यात वारला आणि ज्यांना खाटेजवळ उभे राहता आले नाही, त्यांची भरपाई कोणी केली? इतके लांबही जायला नको. शेजारच्या नेपाळात नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या लग्नाची नोंद झाली ती लमजुंग जिल्ह्यातल्या एका गावपालिकेच्या कचेरीत. राजधानीत नव्हे, डोंगरातल्या गावात. शहरी थेर!

कागद म्हणजे काय, हे गरिबाला कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या बाजूच्या एका वाडीत दोन बाया एका घरात राहतात, पंधरा वर्षे होत आली. एक कुणब्याची, नवऱ्याने टाकलेली. काडीमोड झालेला नाही, तो मुंबईकडे दुसरी घेऊन राहतो. दुसरी शिंप्याची, तिचे लग्न झालेच नाही. एक शेतावर मजुरी करते, दुसरी मशीन चालविते. दोघींनी मिळून पहिलीची मुलगी वाढविली, ती आमच्याच शाळेत शिकली. पालक सभेला कधी ही येते, कधी ती. त्यांचे आपसात नाते काय, हे आम्ही विचारले नाही. ते विचारण्याचा आम्हांला अधिकार नाही, गावालाही नाही. पण सरकारला मात्र ते नाते मांडून दाखविल्याशिवाय काही मिळत नाही. शाळेच्या अर्जावर आता आईचे नाव येते हे चांगलेच झाले, पण दुसरीच्या नावाला कोठलाच रकाना नाही. उद्या तीच एकटी घरी असताना पोरीला साप चावला तर दवाखान्यात सही करणारी ही कोण?

त्याहून वाईट पुढे आहे. शिंप्याच्या बाईने शिलाईच्या पैशांतून चार पत्रे घातले, पण घर लावले ते कुणबिणीच्या नावावर. आता १९५६ चा हिंदू वारसा कायदा उघडा आणि पंधरावे कलम वाचा. बाई मृत्युपत्र न करता मेली, तर तिच्या मिळकतीवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. मुले आणि नवरा नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. तिचे आईबाप त्यानंतर. म्हणजे ज्याने पंधरा वर्षांत तोंड दाखविले नाही, दुसरी घेऊन जो मजेत आहे, तो कायद्याने नवराच आहे; तो दारात येऊन पत्र्यांचा अर्धा वाटा मागेल. आणि जिच्या मशीनवर ते पत्रे आले ती ओसरीवर उभी राहील, परकी म्हणून. लग्नाचे पावित्र्य राखले म्हणतात ते हेच काय?

निकालानंतर केंद्राने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या विचारविनिमयातून काय निघाले ते १ सप्टेंबर २०२४ रोजी जाहीर झाले. अशी जोडपी एका रेशनकार्डावर एक कुटुंब म्हणून धरावीत. त्यांना बँकेत जोडखाते उघडता यावे व एकमेकांचे नाव वारसनियुक्त म्हणून लावता यावे. आणि जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला प्रेत ताब्यात मिळावे. काही नसण्यापेक्षा हे बरे, असे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो. पण आमच्या ओळखीच्या एका रेशन दुकानदाराला याबद्दल विचारले तर तो हसून म्हणाला, गुरुजी, हे कोठे छापून आले? बँकेतले नियुक्त नाव म्हणजे मालकी नव्हे, तो पैसा खऱ्या वारसापर्यंत पोचविणारा हमाल, हेही लोकांना ठाऊक नाही. आणि प्रेताची सवलत तर पाहा, जवळचे नातेवाईक नसतील तर! जन्मभर ज्याने उंबरठा ओलांडला नाही तो भाऊ तिरडीच्या वेळी उपटला की जोडीदाराने बाजूस व्हायचे.

दिल्लीत खेड्याच्या आवाजाची एवढी काळजी वाहिली जात होती, त्याच वर्षीच्या १९ जुलैच्या रात्री आमच्या खालापुरातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ प्रेते हाती लागली, ५७ माणसे मातीतच राहिली. त्या वाडीला वर जायला गाडीरस्ता नव्हता. ठाकरांच्या त्या वाडीचा आवाज कोणत्या अर्जात लिहिला होता? मदत आणि पुनर्वसन हे सारे मग कुटुंब कोण, वारस कोण, हे पाहूनच वाटायचे असते. कुटुंब कोणाला म्हणावे हा आमच्या लेखी दिवाणखान्यातल्या चर्चेचा विषय नाही. मद्रास हायकोर्टाने मे २०२५ मध्ये एका प्रकरणात म्हटले की लग्न हा कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे. कातकऱ्यांना हे आधीच ठाऊक होते, कोर्टाला आता कळले.

आमची मागणी थोडकी आहे. सरकारला अशी लग्ने मान्य करायची नसतील तर त्याने आपल्या स्वतःच्या नावाने नाही म्हणावे, आपल्या मतांच्या भीतीने नाही म्हणावे. आमचे नाव पुढे करू नये. आणि आमचे मत खरेच पाहिजे असेल तर ग्रामसभेपुढे विषय ठेवावा, मराठीत ठेवावा, बायकांची सभा वेगळी घेऊन त्यांनाही विचारावे. त्या सभेत कोणी विरुद्ध बोलेल, बोलू दे. आम्हीही बोलू.

तोवर ज्यांची घरे अशी आहेत त्यांनी, आणि टाकलेल्या, एकट्या, बहिणीबहिणींनी वा मैत्रिणींनी मिळून राहणाऱ्या सर्वच बायांनी, एक काम या आठवड्यात करावे. मृत्युपत्र लिहावे. त्याला स्टँप लागत नाही, साधा कागद चालतो, नोंदणीची सक्ती नाही. केली तर चांगलेच. कोणती वस्तू, कोणते घर, कोणते खाते कोणाला, हे स्पष्ट लिहावे, तारीख घालावी, शुद्धीत असताना दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करावा, आणि त्या दोघांनीही तिच्यासमोर सही करावी. ज्याला मिळकत द्यायची त्याला साक्षीदार करू नये. घरातली पोरगी चौथी-पाचवी शिकली असेल तर ती लिहून देईल. नाही तर शाळा सुटल्यावर या, आम्ही लिहून देऊ.